अहो आई, अगं आई

अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा जातो, त्यांना तसाच दिसणारा दुसरा करून देणं हे तिचं काम. डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, मोठ्या खिडकीच्या खोलीत ती बसायची. माणूस उजेडाकडे तोंड करून बसवायचा, त्याचा चांगला डोळा निरखायचा आणि बटणाएवढ्या चकतीवर बारीक कुंचल्याने त्याची जोडी रंगवायची. पांढऱ्या भागातल्या शिरांसाठी लाल रेशमाचे सुटे तंतू. एकदा एक बस कंडक्टर तिला म्हणाला होता, "बाई, हाही जरा थकलेलाच करा. नाहीतर लोक म्हणतील, एका डोळ्याने कामचुकारपणा करतो." तिने तसा करून दिला. तोंडावर सगळे तिला बाई म्हणत, पाठीमागे डोळेवाली.

घरी मात्र तिला कुणी डोळेवाली म्हणत नसे. घरी ती सून होती, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका अबोल माणसाची बायको होती, हॉस्टेलवर राहून घडीघडी फोन करणाऱ्या मुलीची आई होती. इमारतीत पाण्याच्या पंपावरून भांडण झालं की सगळे तिच्याच दारात, कारण सेक्रेटरीचं लोढणं तिच्या गळ्यात. माहेरी थोरली बहीण, म्हणजे दोन्ही भावांच्या बायकांच्या तक्रारी ऐकण्याची हक्काची जागा. ती हसून म्हणायची, "डोकं एक आणि टोप्या ढीगभर. कधीतरी चुकीची टोपी घालून जाणार मी." एकच टोपी तिने कायमची काढून ठेवली होती, आणि ती खरोखरीची टोपी होती. पोहण्याची, निळ्या रबराची.

लग्नाआधी ती पोहायची. साधंसुधं नाही, मोठमोठे तलाव एका दमात पार करायची. लग्न ठरवायला सासूबाई घरी आल्या तेव्हा कपाटातले कप बघून त्यांनी विचारलं, "हे कशाचे?" सांगितल्यावर त्यांनी कपाटाचं दार लोटून दिलं. मग म्हणाल्या, "मुलगी मला पसंत आहे. फक्त पोहणं सोडावं लागेल." सगळ्यांना वाटलं, जुनं वळण, कपड्यांची लाज असेल. तिलाही तसंच वाटलं. मुलगा मनात भरला होता, म्हणून तिने मान डोलावली. पण तो काटा आत राहिला तो राहिलाच. सासूशी ती कधी भांडली नाही, कधी गळ्यातही पडली नाही. "अहो आई, जेवायला चला," "अहो आई, औषध घेतलंत का?" सगळं जिथल्या तिथे, चोख.

सासूबाई शिवणाच्या बाई. बाहेरच्या खोलीत मशीन, भोवती शिकायला आलेल्या मुली. हात सोन्यासारखा, जीभ कात्रीसारखी. पत्त्यांत राजरोस लबाडी करायच्या आणि पकडलं की म्हणायच्या, "म्हातारीला हरवून तुम्हाला काय मिळणार?" त्यांची एक सवय सगळ्यांच्या ओळखीची होती. मशीन भरात चालू असताना मध्येच पाय थांबवायच्या, मान वर करायच्या, काहीतरी ऐकल्यासारखं करायच्या. मग पुन्हा मशीन सुरू. मुली एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. "बाईंना देवाचा फोन येतो," असं त्यांच्यात ठरलेलं होतं.

वय झालं तशी म्हातारीच्या डोक्यातली वीण उसवायला लागली. आधी कालचं विसरल्या, मग गेल्या वर्षीचं, मग चाळीसेक वर्षांचा पट्टाच्या पट्टा निघून आला. सकाळी त्यांच्याजवळ एक मावशी बसायच्या. दुपारी डोळेवाली लवकर घरी यायची. आल्यावर आधी अंदाज घ्यावा लागे की आज आपण कोण आहोत. कधी शिवणाच्या वर्गातली मुलगी: "काज किती वाकडं घातलंयस, उसव." कधी घरमालकीण: "भाडं दिलंय हो आम्ही." कधी त्यांची थोरली जाऊ, मग तोंडावर गोड आणि पाठीमागे नाक मुरडणं. डोळेवाली त्या त्या वेळी ती ती व्हायची. नवरा म्हणाला, "खोटं कशाला बोलतेस? सांग ना, मी तुमची सून आहे म्हणून."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, माझा मुलगा पहिलीत आहे, सून कुठून आली? आणि रडायला लागल्या. त्यापेक्षा काज उसवलेलं बरं."

एका दुपारी ती भाताचं ताट आणि चमचा घेऊन आत गेली. म्हातारी तिच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"तिला आत घे ना. दारात काय उभी केलीस?"

डोळेवालीने वळून पाहिलं. दार उघडं होतं, पॅसेजमध्ये ऊन पडलं होतं. कुणी नव्हतं.

"कुणाला हो, आई?"

"ती काय. केस ओले आहेत तिचे. लादीवर पाणी गळतंय."

वेड्यासारखी तिने लादीकडे पाहिलं. लादी कोरडी ठणठणीत होती. "उन्हाने असं दिसतं," असं काहीतरी पुटपुटून तिने घास पुढे केला. म्हातारीने तोंड मिटून घेतलं. दारातली आत आल्याशिवाय ती जेवणार नव्हती. शेवटी डोळेवाली दाराशी गेली, रिकाम्या हवेला म्हणाली, "ये, आत ये," आणि पाठ भिंतीला लावून घास भरवत राहिली.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी नाही, रात्री नाही, भर दुपारी, सगळी इमारत वामकुक्षी घेत असताना. ओल्या केसांची मुलगी कधी दारात, कधी कपाटापाशी, कधी थेट डोळेवालीच्या पाठीशी. म्हातारी तिच्या डोक्याच्या जरा वर, जरा डावीकडे बघायची, आणि डोळेवालीच्या मानेवर गार झुळूक यायची. माणसांची नजर ओळखणं हा तिचा धंदाच होता. शून्यात लागलेली नजर कशी असते, हे तिला पाठ होतं. म्हातारीची नजर तशी नव्हती. ती कुणावर तरी ठरलेली होती, आणि ते कुणीतरी हललं की नजर हलत होती.

ही कोण असावी, याचं उत्तर तिने स्वतःच शोधलं. ही मीच, तिला वाटलं. निळी टोपी काढून केस झटकणारी, लग्नाआधीची मी. म्हातारीने जिला उंबऱ्याबाहेर ठेवलं, ती आता तिला दिसतेय, आणि दिसलीच पाहिजे. या विचाराने तिची भीती गेली आणि मनात जुना राग उफाळून आला. त्याच आठवड्यात तिने पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. दोन वर्षं नाही, दोन तपं उलटली होती. पहिल्या दिवशी अर्ध्यातच दम लागला, काठाला धरून ती खोकत राहिली. पण चौथ्या-पाचव्या खेपेला हात-पाय आपसूक चालायला लागले. पाण्यात ती कुणाची कुणीच नव्हती. तिथे पंप बंद पडत नव्हता की भावजयांची भांडणं येत नव्हती.

त्या दिवशी ती तलावावरून थेट घरी आली. केस पुसायला वेळ झाला नव्हता. नवरा त्या दुपारी घरीच होता. त्याने दार उघडलं आणि तिला पाहताच दोन पावलं मागे सरला.

"काय झालं?"

"कुठे गेली होतीस?"

"पोहायला. आता तू पण नको म्हणणार का?"

तो खुर्चीवर बसला. आपल्या नखांतलं ग्रीस खरवडायला लागला. मग म्हणाला, "मला एक बहीण होती."

वीस वर्षांहून जास्त काळ जिच्याशी संसार केला, तिला हे तो आज सांगत होता. तेव्हा ते दुसऱ्या गावात राहायचे, घर नदीला लागून. बहीण थोरली, चौदा-पंधराची, पाण्यात मासळी. तो पहिलीत होता. दुपारी ती पोहायला गेली आणि आलीच नाही. आई आत मशीनवर होती. शेजारीपाजारी नंतर म्हणाले, तिने हाका मारल्या होत्या. खरं-खोटं देव जाणे. महिन्याभरात त्यांनी ते गाव सोडलं. फोटो, कपडे, सगळं आईने देऊन टाकलं, आणि तिचं नाव घरात काढायचं नाही असं ठरलं.

"पण मला? मलाही नाही सांगितलंस?"

"आधी आईच्या भीतीने नाही बोललो. मग सवयच झाली. मग वाटायला लागलं, नव्हतीच बहुतेक." त्याने ग्रीसची बोटं पँटला पुसली. "मला तिचा चेहरा आठवत नाही गं. ओले केस तेवढे आठवतात. माझ्या अंगावर झटकायची."

डोळेवाली भिंतीला टेकून उभी राहिली. मशीन थांबवून मान वर करणारी म्हातारी तिला दिसली. इतकी वर्षं, इतक्या मुलींसमोर, इतक्या झबल्या-परकरांच्या मध्ये ती बाई ऐकत होती. आणि आपण समजत होतो, कपड्यांची लाज.

तेवढ्यात आतून हाक आली. "कोण आलं?"

ती तशीच, ओल्या केसांनी आत गेली. म्हातारी पलंगावर बसली होती. आज नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली नाही. ती सरळ तिच्या तोंडावर येऊन थांबली.

"आलीस?" म्हातारी म्हणाली. "केस पूस आधी. सर्दी होईल."

डोळेवालीने तोंड उघडलं. "अहो आई" ओठांवर आलं होतं, पण ते सुनेचं होतं. म्हातारीच्या कपाळावर आठी उमटायला लागली, नजर डळमळायला लागली. आणखी क्षणभर गेला असता तर ती पुन्हा दाराकडे वळली असती.

"अगं आई, पुसते," ती म्हणाली.

आठी विरली. म्हातारीने हात पुढे केला, तिला जवळ बसवलं, पदराने तिचे केस टिपायला लागली. एवढ्या वर्षांत त्या हाताने तिला कधी असा स्पर्श केला नव्हता.

"पाणी फार गार होतं का गं?"

"पहिल्यांदा लागतं. मग नाही लागत." हे खोटं नव्हतं. हे तिला माहीत होतं.

पदर थांबला. म्हातारी अगदी हळू बोलली, कुणी ऐकेल म्हणून भ्यायल्यासारखी. "तू हाक मारलीस का? मशीन चालू होतं."

दारात नवरा येऊन उभा होता. त्याने चौकट घट्ट धरली होती. डोळेवालीला वाटलं, हे उत्तर द्यायचा आपल्याला काय अधिकार? जी गेली तिने हाक मारली असेल. गळा फाटेस्तोवर मारली असेल. तिच्या वतीने आपण कोण बोलणार? बाहेर नळ ठिबकत होता, आणि मानेवर, जिथे केस टिपून कोरडे झाले होते, तिथे पुन्हा गार लागत होतं.

"नाही गं आई," ती म्हणाली. "मी हाक नाही मारली."

म्हातारीने डोळे मिटले. छातीत कितीतरी दिवस कोंडलेला श्वास सोडावा तसा श्वास सोडला आणि आडवी झाली. पंख्याच्या वाऱ्यात तिला गाढ झोप लागली.

त्यानंतर म्हातारीला दारात कुणी दिसलं नाही. डोळेवालीतही जाऊ नाही, घरमालकीण नाही, कुणीच नाही. ती पांघरुणाच्या कडेवर बोटाने टाके घालत पडून राहायची. मध्ये थांबायची नाही, मान वर करायची नाही. डोळेवालीने दुसऱ्या दिवशी "अहो आई, चहा," म्हणायचा प्रयत्न केला. जीभ वळेना. तिने "आई, चहा घे," म्हटलं आणि ते तसंच राहिलं.

थंडी संपता संपता एका दुपारी म्हातारी गेली. नातेवाईक जमले. डोळेवालीने सगळ्यांची उठबस केली, मुलीला हॉस्टेलवरून आणवलं, डॉक्टरांचा कागद आणला. सुनेने जे करायचं ते सगळं केलं. पण नेताना तिचा बांध फुटला. "अगं आई," म्हणून तिने अशी हाक मारली की जिन्यातले लोक वळून पाहायला लागले. नवऱ्याची म्हातारी काकू, त्या जुन्या, नदीकाठच्या गावातली, भिंत धरत धरत तिच्यापाशी आली. तिच्या हनुवटीला हात लावून चेहरा उजेडाकडे केला.

"ही हाक मी ऐकलीय," काकू म्हणाली. "तू कोण गं बाई?"

कुणीतरी काकूला बाजूला नेऊन बसवलं, पाणी दिलं.

आता ती हॉस्पिटलात पूर्वीसारखी पूर्ण वेळ जाते. पंपाची भांडणं चालूच आहेत. बुधवारी आणि शनिवारी ती पोहते. खोल भागात, तळाच्या निळ्या फरशा धूसर होतात तिथे, कधीकधी शेजारून कुणी हात मारत चाललंय असं वाटतं. ती बाजूला बघत नाही. दोघींचा वेग सारखा ठेवते.

नवरा तलावाच्या आत कधी येत नाही. फाटकापाशी गाडी लावून बसतो. ती केस न बांधता बाहेर येते तेव्हा क्षणभर तो तिच्याकडे असा पाहतो की ती त्याची बायको नसतेच. ती त्याला पाहू देते. घाई करत नाही. मग तो डोळे पुसतो, किल्ली फिरवतो आणि विचारतो, "भाजी घ्यायचीय का काही?"