तीनऐवजी पंचवीस

विधेयक दीड पानाचं होतं आणि त्यातला बदल एका शब्दाचा. कामगार आरोग्य कायद्याच्या नवव्या कलमात 'तीन' आहे, तिथे 'पंचवीस' घालायचं.

ते कलम असं सांगतं की धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार काम सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत सापडला, तरच तो कामामुळे झाला असं धरायचं. काचेच्या कारखान्यातली वाळूची भुकटी मात्र कायदा वाचून वागत नाही. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही लहान कण छातीत खोल जाऊन बसतात, गप्प राहतात, आणि दहा-पंधरा वर्षांनी माणसाला जिना चढता येईनासा होतो. बाबांनी कारखाना सोडला त्याला अकरा वर्षं झाली. आजार सापडला नवव्या वर्षी. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने तो त्यांना आपोआप झालेला होता.

कामामुळे झाला असं ठरलं, की कामगार रुग्णालयाचं कार्ड मिळतं. कार्ड असलं तर फुप्फुस बदलण्याच्या यादीत नाव लागतं. डॉक्टर म्हणाले होते, "यंदा नाव लागलं तर विचार करता येईल. पुढच्या वर्षी शरीराला झेपणार नाही." त्यांनी हे बाबांच्या समोरच सांगितलं. बाबा म्हणाले, "यंदा म्हणजे आर्थिक वर्ष की कॅलेंडरचं?" डॉक्टर हसले नाहीत.

विधेयक बाईंचं होतं. बाई म्हणजे आमच्या वसाहतीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्यावर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना धक्का देत निवडून आल्या. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते, तेव्हा त्यांनी मला सहायक म्हणून बोलावलं. कणांचे आकडे, क्ष-किरणांचे अहवाल, इतर देशांतली कलमं हे सगळं माझं काम. चार वर्षं लागली. दोन महिन्यांपूर्वी वरिष्ठ सभागृहाने विधेयक संमत केलं. आता फक्त कनिष्ठ सभागृह उरलं होतं, आणि त्याचा हा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सभागृह संपणार, मग निवडणुका. जी विधेयकं उरतात ती सभागृहाबरोबर जातात. नवीन सभागृहात सगळं पहिल्यापासून, वरच्या सभागृहापासून.

सकाळी नऊला कामकाज पत्रिका हातात पडली. आमचं विधेयक पंधरापैकी चौदावं.

"चौदावं म्हणजे बरं की वाईट?" मी दारवाल्या काकांना विचारलं. हे काका अधिकाऱ्यांच्या सज्जाच्या दारावर एकतीस वर्षं उभे आहेत. सदस्य येतात-जातात, काका असतात.

"पंधरावं काय आहे?"

"राष्ट्रगीत."

"मग शेवटून पहिलंच की. छान आहे." काकांनी माझा पास उलटसुलट करून पाहिला. तो ते रोजच पाहतात. "डबा खाऊन घे. आज निरोपाची भाषणं आहेत. नमनालाच घडाभर तेल जाणार."

आत प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला आणि अकराव्या मिनिटाला बंद पडला. कुठल्यातरी पुलाच्या खांबांवरून विरोधकांनी फलक उंचावले, अध्यक्षांनी "बसा, बसा" असं मी मोजलं तेव्हा सतरा वेळा म्हटलं आणि कामकाज बारापर्यंत तहकूब केलं. बाराला मंत्र्यांनी एकामागून एक अहवाल पटलावर ठेवले. मग सगळ्यांचा एकत्र फोटो झाला. ज्यांनी सकाळी एकमेकांना चोर म्हटलं होतं, ते खांद्याला खांदा लावून पायऱ्यांवर उभे होते आणि फोटोवाला मागच्या रांगेला "साहेब, हनुवटी वर" म्हणत होता. फोटोनंतर बरेच जण पायऱ्यांवरूनच गाड्यांकडे गेले. मी ते पाहिलं. पाहूनही मी त्याची नोंद घेतली नाही. हे मला नंतर पुन्हा पुन्हा तपासून पाहावं लागलं.

दुपारी आईचा फोन आला.

"किती वाजता आहे गं तुमचं?"

"चारनंतर कधीतरी. बाबांना झोपू दे."

"झोपतायत कसले! सकाळपासून टीव्हीसमोर बसलेत. शेजारचे मामा पण आलेत. दोघं मिळून त्या अध्यक्षांना शिव्या घालतायत. एकाला दम लागला की दुसरा घालतो."

मागून बाबांचा आवाज आला, तुटक तुटक. "विचार तिला... तो झोपलेला... कुठल्या पक्षाचा आहे."

"सगळ्या पक्षांचे झोपलेत म्हणावं," मी म्हटलं.

निरोपाची भाषणं तीन तास चालली. कुणाला आपलं पहिलं भाषण आठवलं, कुणाला दुसऱ्याचं. चार वाजून पस्तीस मिनिटांनी आठव्यापासून तेराव्यापर्यंतचे विषय सहा मिनिटांत उरकले. अध्यक्ष नसताना काम चालवणाऱ्यांच्या तालिकेवरचे एक म्हातारे सदस्य अध्यक्षांच्या खुर्चीत होते. ते नाव घेत, सदस्य "मांडतो" म्हणे, खुर्चीतून "होय म्हणणाऱ्यांनी होय म्हणावं" असं येई, कुणीतरी "होय" म्हणे आणि विषय मार्गी लागे.

तेवढ्यात कामगारमंत्र्यांचे सचिव बाईंच्या बाकाजवळ वाकून काहीतरी बोलून गेले. बाईंचा चेहरा मला वरून दिसत होता. वर्गात कॉपी पकडल्यावर व्हायचा, तसा झाला. त्यांनी चिठ्ठी लिहून शिपायाकडे दिली. सदस्य आणि सज्जातले सहायक एकमेकांशी बोलू शकत नाहीत, चिठ्ठ्या चालतात.

चिठ्ठीत होतं : 'साहेब विरोध करणार नाहीत, पण बाजूनेही बोलणार नाहीत. गुपचूप उरकून घ्या म्हणतात. मेलेल्या माणसांचं काम गुपचूप का उरकायचं? कोण कुठे उभं आहे ते नावानिशी नोंदलं जाऊ दे. मतविभागणी मागू का? हजर किती आहेत?'

मतविभागणी म्हणजे प्रत्येकाने आपल्या जागेवरचं बटण दाबायचं. कुणी होय म्हटलं, कुणी नाही, हे कायमचं नोंदलं जातं. मला ते मनापासून पटलं. आवाजी मतदान म्हणजे आवाज, आणि आवाज हे काही मोजमाप नाही. नियमाचं पुस्तक मला पाठ होतं. मतविभागणी मागितली की पाच मिनिटं घंटा वाजते, इमारतीत जिथे असतील तिथून सदस्य येतात, मग दारं बंद होतात. मतदान वैध व्हायला किमान पंचावन्न सदस्य हवेत. समोर बाकांवर मी मोजले तर एकतीस. पण सकाळी मी हजेरीची वही पाहिली होती. तीनशे चाळीस सह्या. तीनशे चाळिसातले पंचावन्न म्हणजे सोळा टक्के. घंटा वाजल्यावर सोळा टक्के तर येणारच.

मी लिहिलं : 'हजेरी ३४०. मागा.'

'मागा'च्या खाली दोन रेघा ओढल्या.

बाई सात मिनिटं बोलल्या. एकही विशेषण वापरलं नाही. माझे आकडे त्यांच्या आवाजात मला वेगळेच वाटले. वसाहतीतल्या एका गल्लीत सोळा घरं, त्यातल्या अकरा घरांत कर्ता माणूस पन्नाशीच्या आत गेलेला. सर्वांचा आजार कायद्याने आपोआप झालेला. शेवटी त्या म्हणाल्या, "मुलांना मी तीस वर्षं वजाबाकी शिकवली. या कलमाला ती येत नाही." मंत्री कागद चाळत राहिले. मागच्या बाकावरून एकाने दाद दिली, पण तो बहुधा फोनवर बोलत होता.

"होय म्हणणाऱ्यांनी होय म्हणावं," खुर्चीतून आलं.

"होय." पंधरा-वीस आवाज.

"नाही म्हणणाऱ्यांनी नाही म्हणावं."

कुणीच काही बोललं नाही. मी चार वर्षं जिची वाट पाहिली, ती ही शांतता होती, आणि ती मला ओळखता आली नाही.

"मला वाटतं, होय म्हणणारे..."

"अध्यक्ष महोदय," बाई उभ्या राहिल्या, "मतविभागणी."

म्हाताऱ्या सदस्यांनी चष्मा काढला. "माननीय सदस्या, विरोधात एकही आवाज नाही."

"म्हणूनच. नावं नोंदली जावीत."

"आपण फक्त बसलात, तरी हे संमत होतं." ते हळू बोलत होते, जवळजवळ घरच्यासारखे. "मी आपल्याला पुन्हा विचारतो. आग्रह आहे?"

सगळं सभागृह, म्हणजे ते एकतीस जण, बाईंकडे पाहत होतं. मंत्र्यांनीही मान वर केली होती. बाईंनी सज्जाकडे पाहिलं. माझ्याकडे.

मी मान हलवली. हो.

"आग्रह आहे," बाई म्हणाल्या.

घंटा सुरू झाली. माझ्यामागे काका दाराशी पुटपुटले, "अरे देवा."

"काय झालं?"

"कुणी सांगितलं बाईंना मोजायला?"

"काका, तीनशे चाळीस जण आहेत आज."

"कुठे आहेत?"

"हजेरीत."

काका माझ्याकडे असे बघत राहिले की मला ते क्षणात समजलं. तरी त्यांनी सांगितलंच. "पोरी, सही भत्त्यासाठी असते. सही केली, फोटो काढला, विमानतळ. चारनंतर इथे कधी पंचावन्न नसतात. एकतीस वर्षांत मी पाहिले नाहीत. सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी मोजा म्हणत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मोजा म्हटलं की मोजावं लागतं."

"नियमात असं कुठे आहे?"

"नियमात नाहीच ते."

पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. मी दारांकडे पाहत होते. एक सदस्य हातात चहाचा कप घेऊन आले, शिपायाने कप बाहेर ठेवायला लावला. बहिणी बहिणी वाटाव्यात अशा दोन सदस्या हसत आल्या. एक लंगडत आले. कोपऱ्यातल्या बाकापर्यंत पोहोचायला त्यांना जवळजवळ मिनिट लागलं. चौतीस. पस्तीस. मग बराच वेळ कुणी नाही. मग एकदम सहा जण, धावत, आणि मला वाटलं आता लोंढा येईल. त्यांच्यामागे दाराच्या चौकटीत कुणीच नव्हतं. बाई सरळ उभ्या होत्या. त्यांना मागे वळून पाहायचं नव्हतं.

घंटा थांबली. दारं लागली. फळ्यावर आकडे आले : होय ३८. नाही ०. तटस्थ ३.

एक्केचाळीस. चौदा कमी.

म्हाताऱ्या सदस्यांनी नियम वाचून दाखवला. वाचताना ते अडखळले, कारण तो नियम त्यांनीही बहुधा बऱ्याच वर्षांत वाचला नव्हता. गणसंख्येअभावी मतदान रद्द. गणसंख्या नसल्याने कामकाज चालवता येत नाही. सभागृह बेमुदत तहकूब. राष्ट्रगीतालाही गणसंख्या लागते की नाही यावर खाली थोडी कुजबुज झाली. शेवटी ते वाजवलं. सगळे उभे राहिले.

मंत्री जाताना बाईंच्या बाकाशी थांबले. ते काय म्हणाले ते बाईंनी मला नंतर सांगितलं. "बाई, मी तुम्हाला दार उघडं ठेवून दिलं होतं. तुम्हाला वाजतगाजतच यायचं होतं." बाई फायली पिशवीत भरत राहिल्या.

बाहेर लांबलचक मार्गिकेत कामगार गालिचे गुंडाळत होते. बाई खिडकीशी उभ्या होत्या.

"तीनशे चाळीस कुठून काढलास?"

"हजेरीच्या वहीतून."

"त्या सह्या होत्या."

"हो."

"विज्ञान शिकलीस ना गं तू?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. मग त्याच म्हणाल्या, "मला पण हवंच होतं म्हणा ते. नावं पाहिजे होती मला. मिरवायला."

"पुढच्या सभागृहात..."

"मला उमेदवारी नाही. सोमवारीच कळलं. आजचा दिवस होऊन जाऊ दे, म्हणून तुला बोलले नाही." त्यांनी पिशवी उचलली. फायली होत्या, जड होती. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. घरी फोन कर आधी."

फोन बाबांनीच उचलला.

"झालं ना?" ते म्हणाले. मागे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, मामा असणार. "अडतीस शून्य! एकाने... एकानेही नाही म्हटलं नाही. आम्ही पेढे..." दम लागला. मी थांबले. "पेढे आणायला पाठवलंय आईला."

"बाबा, टीव्ही बंद केलात का?"

"टाळ्यांत पुढचं काही ऐकू आलं नाही. राष्ट्रगीत लागलं, मग केला."

"नाही झालं, बाबा."

"अगं, अडतीस..."

"पंचावन्न लागतात. तेवढे हजर नव्हते. म्हणून मतदान रद्द झालं."

"मग मोजलंच कशाला? तो म्हातारा... म्हणत होता की... बसा म्हणून. कळत होतं आम्हाला पण."

"मी सांगितलं मोजायला."

"तू?"

"हो. बाईंनी वर पाहिलं ना, ते मला विचारत होत्या."

पलीकडे मामांनी टाळ्या थांबवल्या. त्यांना काय झालं ते माहीत नव्हतं, बाबांचा चेहरा पाहून थांबवल्या असतील.

"परत कधी येईल हे?" बाबांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "मांडणारा कुणी मिळाला तर पहिल्यापासून. यावेळी चार वर्षं लागली."

"चार," ते म्हणाले. मग दार वाजल्याचा आवाज आला, आई आली असावी, आणि बाबा रिसिव्हरवर हात न ठेवताच तिला म्हणाले, "खोका उघडू नकोस. दुकानदार परत घेतो का विचार."