शकूला आवतान

बोलायला आलेल्या माणसाला गायला लावायचं, याला काय म्हणावं? पण रोह्याच्या प्रविणनं चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात नेमकं तेच केलं, आणि तेही सख्ख्या आत्याला.

आत्या म्हणजे हौसा. पेणच्या खाडीकाठची धवलारीण. हळदीत, लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलवायचं, हे तिचं काम. प्रविणचं कॅसेटचं दुकान होतं, लग्नाला लाउडस्पीकरही द्यायचा. "आत्या, तुझा आवाज भरून ठेवूया," म्हणाला. हौसा हरखली, पण अट घालून आली. "आधी माझी जिंदगानी सांगीन, मंग गानी."

"व्हय गो, सांग की," म्हणत त्यानं बटन दाबलं.

"मी हौसा. नवऱ्यासंगं मिठागरावर व्हते. तिथं मना पयली पोर झाली, शकू..."

खट्! बटन बंद.

"आत्या, टेप फुकट जातेय गो. बोलणं कोण विकत घेतंय? धवला म्हण."

हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण सांगायची होती ती शकूच. दीड वर्षाची पोर मिठागरावरच्या झोपडीत तापानं गेली. फोटो नाय, दाखला नाय. वर सासूनं दम भरला होता, "धवलारनीच्या तोंडात मेल्या पोरीचं नाव बरं नाय. लोक हळदीला बोलवायचे नायत." हौसानं तोंड मिटलं ते मिटलंच. पुढं सासू गेली, नवरा गेला, शकूला मांडीवर घेतलेलं एकेक माणूस गेलं. आता ती पोर एकट्या हौसाच्या डोक्यात उरली होती, आणि हौसाचं काय, आज हाय तर उद्या नाय.

पण हे त्या बटनवाल्याला कोण सांगणार? तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा खट्. ती चिडली, तर यानं चहा मागवला. ती उठून निघाली, तर हात धरून बसवलं. "बरं बाई, गाणी संपली की उरलेल्या टेपवर बोल," म्हणाला. म्हातारीनं बिचारीनं घसा फुटेस्तोवर गायलं.

"उरली काय रे?"

"कुठली गो? संपली ही बाजू. आता दुसरी."

असा संताप आला तिला, की टेप उचलून कुंडलिका नदीत फेकावी! मेल्याला सूर तेवढा कळतो, माणूस काय म्हणतंय त्याचं सोयरसुतक नाय. आणि हे मनात आलं तशी तिनं पदरानं तोंड पुसलं. "लाव," म्हणाली.

देवांना बोलवायचा धवला तिनं धरला. पयलं आवतान गणपतीला, दुसरं आवतान गावदेवीला. आणि त्याच सुरात, तसूभरही आवाज न हलवता,

*तिसरं आवतान शकू बायला,*
*हौसाच्या लेकीला, मिठागरच्या लेकीला...*

प्रविण मान डोलवत होता. "झकास, आत्या!" म्हणाला.

पावसाळ्याआधी रामवाडीत एक हळद होती. हौसाला बोलावणं आलं, पण खुर्चीत बसायला. "आजी, तुम्ही आराम करा, तुमची टेप हाय ना," नवरीची आई म्हणाली. घ्या! जिवंत धवलारीण मांडवात, आणि गाणार कोण, तर डबा. हौसा धुमसत बसली. प्रविणच्या कर्ण्यातून तिचाच आवाज सुटला. पोरं धावताहेत, कोणी सरबत मागतंय, बायका हळद लावताहेत, ऐकतंय कोण?

तिसरं आवतान आलं.

किती वर्षांनी ते नाव तिच्यादेखत कोणाच्या तरी कानावर पडत होतं! तेही अख्ख्या रामवाडीला ऐकू जाईल असं. हौसाचे डोळे भरून आले.

नवरीच्या आजीचा हात हळदीत थांबला. "ही शकू कोन गो?"

"माझी पोर," हौसा म्हणाली. "तापानं गेली. दीड वर्साची व्हती."

बायकांत कुजबुज झाली. नवरीच्या आईचा चेहरा उतरला. "हळदीत असलं नाव?" प्रविण धावत आला, टेप बंद केली नि हौसावरच उखडला. "काय गो हे आत्या? माझा धंदा बसवशील! ही ओळ काढून टाकतो मी आजच."

"काढ ना," हौसा म्हणाली. "किती इकल्यास?"

प्रविणच्या दुकानात एकही उरली नव्हती. निडीपासून वडखळपर्यंत, ज्या घरात म्हणून लग्न होतं त्या घरात ती कॅसेट गेली होती.

हौसा खुर्चीतून उठली नि पदर खोचला.

"जा मंग. घरोघर जा नि काढ."