उतरल्याचं बिस्कीट

तक्ता तिनं स्वतः आखला होता, पट्टी लावून, तीन रंगांच्या पेनांनी. फ्रिजच्या दारावर तो इतका ठसठशीत दिसायचा की गॅस सिलिंडर बदलायला आलेला माणूससुद्धा थबकून वाचत उभा राहिला होता. डाव्या रकान्यात तारीख. मधल्यात, मुकादम सोफ्यावर किती वेळा चढला. उजव्यात, सांगितल्यावर किती वेळा उतरला.

मुकादम म्हणजे घरातला कुत्रा. तांबूस, जाड शेपटीचा, सहा वर्षांचा. घरात कुणी हाताला काम घेतलं की हा समोर येऊन बसणार आणि ते संपेपर्यंत नजर हटवणार नाही, म्हणून नवऱ्यानं त्याला हे नाव दिलेलं. लग्नाच्या आधीपासूनचा तो. म्हणजे मानानं पाहिलं तर घरात थोरला तोच. ती मागून आली, आणि बाळ तर आता कुठे आठ महिन्यांचं.

बाळ चार महिन्यांचं असताना त्याची छाती भरली होती. दोन दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाळाच्या अंथरुणावर कुत्र्याचे केस नसावेत, एवढं बघा."

एवढं बघा म्हटल्यावर तेवढंच बघणारी माणसं वेगळी असतात. ती त्यांतली नव्हती. अंथरुणावरून ती पलंगावर गेली, पलंगावरून खोलीवर, आणि खोलीवरून सोफ्यावर, कारण दुपारी दूध पिता पिता बाळ तिच्या मांडीवर तिथेच झोपायचं. नवरा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तू गल्लीतल्या कुत्र्यांना नोटिसा पाठवशील." तिला हसू आलं नाही. तिच्या मनात खरंच एक कुत्रा आला होता, समोरच्या बिल्डिंगमधला.

आधी तिनं सोफ्यावर खुर्च्या पालथ्या घालून ठेवल्या. मुकादम लांब राहिला, पण घरातली माणसंही लांब राहिली. चार दिवस नवरा-बायको जेवणाच्या टेबलाला टेकून उभ्यानं चहा प्यायले. मग कुठेसं वाचून तिनं गाद्यांवर चंदेरी फॉइल पसरलं. त्याच्या आवाजाला कुत्रे बिचकतात म्हणे. मुकादम फॉइलवर दोन गिरक्या घेऊन गाढ झोपला. बिचकलं ते बाळ, आणि तासभर रडलं.

अशात एका दुपारी बाळाच्या ओठावर तिला एक केस दिसला. तांबूस. तेवढ्यात थोरल्या नणंदेचा फोन आला, आणि ती नवऱ्यादेखत बोलून बसली, "पंधरा दिवस. पंधरा दिवसांत त्यानं सोफा सोडला नाही तर तो तुमच्याकडे, वन्सं."

नणंद ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. तिला बोलायला वेळ लागत नसे. "माझं काय जातंय? आवार आहे, दोन आहेत, तिसरा खपेल. पंधरावा दिवस रविवारच येतोय. गाडी घेऊन येते."

नवऱ्यानं चष्मा काढला आणि पुसायला लागला. तो चष्म्यांच्या दुकानात कामाला होता, काच कशी पुसतात ते त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी बराच वेळ पुसत राहिला.

संध्याकाळपर्यंत तिला बोललेल्या शब्दांचा पस्तावा झाला. ती आंघोळीला गेलेली असताना बाळ उठलं तर बाथरूमच्या दारावर नखं घासून तिला कोण बोलवायचं? मुकादमच. नळाच्या आवाजात तिला बाळ ऐकू येत नसे. त्याची नखं ऐकू येत. पण आता शब्द मागे घ्यायचा म्हणजे नणंदेला फोन करून सांगायचं की मी उगाच बोलले. त्यापेक्षा कुत्र्याला सुधारणं सोपं, असं तिनं ठरवलं. इथेच सगळं बिघडलं.

पद्धत साधी होती. मुकादम सोफ्यावर चढला की ठाम आवाजात "खाली" म्हणायचं. तो उतरला की लगेच बिस्कीट. पहिल्याच दिवशी तो चार वेळा चढला आणि चारही वेळा उतरला. तिचा ऊर भरून आला.

"शास्त्रशुद्ध आहे हे," ती नवऱ्याला म्हणाली. "बघ, शंभर टक्के."

"शंभर टक्के काय?"

"आज्ञापालन."

नवऱ्यानं तक्त्याकडे पाहिलं. काहीतरी विचारावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण बायको बऱ्याच दिवसांनी खुशीत होती, म्हणून त्यानं ते चहाबरोबर गिळलं.

आठव्या दिवशी मुकादम एकोणीस वेळा चढला. एकोणीस वेळा उतरला. तेराव्या दिवशी एकतीस. बिस्किटांचा डबा दोनदा भरावा लागला. बाळ जमिनीवर बसून मान खालीवर करत ही ये-जा बघायचं, आणि ती उजव्या रकान्यावर खूश होती. मधल्या रकान्याकडे ती मन लावून बघत नव्हती. तो आपला मुकादमचा दोष, तिचं यश शेजारी होतं.

चौदाव्या दिवशी, शनिवारी, बाळ झोपल्यावर ती कामाला बसली. संख्याशास्त्रात ती पदव्युत्तर होती, तीही पहिल्या वर्गात, आणि एका स्क्रूच्या कारखान्याचे तपासणीचे तक्ते घरून तपासून द्यायची. दुसऱ्याची चूक तिला मिनिटभरात दिसायची. त्या दिवशीही दिसली. कारखान्यात सदोष माल शोधून देणाऱ्या कामगाराला प्रत्येक नगामागे बक्षीस सुरू झालं होतं, आणि त्याच दिवसापासून सदोष माल वाढत चालला होता. तिनं शेरा लिहिला, "बक्षीस कशाला मिळतंय ते आधी बघा."

लिहून झालं, आणि पेन हातात तसंच ठेवून तिनं फ्रिजकडे पाहिलं.

चार, सात, अकरा, एकोणीस, एकतीस. कुत्रा आज्ञाधारक नव्हता, कामावर येत होता. चढल्याशिवाय उतरता येत नाही, आणि उतरल्याशिवाय बिस्कीट नाही. एवढं त्याला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. तिला कळायला चौदा दिवस आणि एक स्क्रूचा कारखाना लागला. मुकादम समोरच बसून तिचं काम बघत होता.

नवऱ्याला सांगायचं तिनं पक्कं केलं. मग म्हटलं, जेवण झाल्यावर. मग म्हटलं, सकाळी. सकाळी उठून तिनं तक्ता काढला, घडी घातली आणि बाळाच्या लंगोटांखाली सरकवला.

अकराला नणंद आली. हातात नवा पट्टा.

"काय गं, सुधारला का आरोपी?"

आरोपी त्याच वेळी सोफ्यावर चढला.

"नाही ना," ती पुटपुटली. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

"जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. काही कुत्री असतातच मठ्ठ. माझ्याकडे एक बाई शिकायला येते, तीन महिने झाले, अजून हॉर्नला क्लच समजते."

मठ्ठ हा शब्द तिला बोचला. नवऱ्यानं मुकादमची वाटी धुतली, पुसली, पिशवीत घातली. मग पिशवीतून काढून पुन्हा पुसली. खाली गाडीपाशी गेल्यावर त्यानं कुत्र्याला उचलून मागे ठेवलं आणि हात तसाच आत राहू दिला. बाळ तिच्या कडेवरून गाडीकडे झेपावत होतं. उद्या आंघोळीला गेल्यावर दार कोण वाजवणार, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

मुकादम मागून उडी मारून नणंदेच्या शेजारच्या सीटवर आला.

"खाली," नणंद म्हणाली.

तो खाली उतरला, तोंड वर करून बसला. नणंदेच्या हाताकडे बघितलं. काही येत नाही म्हणून परत सीटवर चढला, परत उतरला, परत बसला.

"हा काय प्रकार आहे?" नणंदेनं विचारलं.

"मी शिकवलंय," ती म्हणाली. आवाज भलत्याच पट्टीत निघाला. "उतरला की बिस्कीट देत होते. म्हणून तो चढतो. रोज जास्त चढतो. मठ्ठ तो नाहीये, वन्सं. आणि डॉक्टरीणबाई सोफ्याबद्दल काही बोललेल्याच नव्हत्या. अंथरूण म्हणाल्या होत्या. सोफा मी वाढवला."

नवऱ्यानं हात बाहेर काढला. नणंद स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिली.

"म्हणजे ब्रेक दाबला की बक्षीस," ती शेवटी म्हणाली. "मग माणूस वेग घेणारच की. अगं, एवढी शिकलेली तू."

"हो ना."

"आणि मला सुट्टीच्या दिवशी दोन तास गाडी चालवायला लावलीस."

"हो."

"बरं, मग आता करायचं काय?"

"पंधरा दिवस द्या," ती म्हणाली. "त्याला नको, मला. चादर घालते सोफ्यावर, रोज धुते, बाळाला खोलीत पाजते. आणि त्याला बिस्कीट सतरंजीवर बसल्याचं. उतरल्याचं नाही."

नवऱ्यानं कुणी सांगायची वाट पाहिली नाही, पट्टा सोडला. मुकादम जिना चढून सगळ्यांच्या आधी घरात पोचला आणि सोफ्यावर जाऊन बसला. तिघं दारात उभी राहिली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या जिभेवर "खाली" आलं होतं.

"एक शब्द बोलू नकोस," नणंद कुजबुजली.

ती जमिनीवर सतरंजीवर बसली, बाळाला पुढ्यात घेऊन. नवरा तिच्या शेजारी. नणंद खुर्चीवर. कुणी कुणाकडे बघेना. बोलायचं नाही, बघायचं नाही, सुधारायचं नाही. इतकं अवघड काम तिनं परीक्षेतही केलं नव्हतं. दहा मिनिटं झाली. मुकादम सोफ्याच्या कडेला पुढचे पाय ठेवून ताटकळत होता, आणि त्याची ती मालकीण आज कामावरच येत नव्हती.

"तुझा पाय हलतोय," नणंद ओठ न हलवता म्हणाली. "थांबव. तो बघतोय."

तिनं पाय थांबवला. आणखी थोड्या वेळानं मुकादमनं एक लांब सुस्कारा टाकला, सोफ्यावरून उतरला, आणि कुणी काही सांगितलेलं नसताना सतरंजीवर येऊन बाळाच्या पायापाशी अंग टाकलं. तिनं शंभरापर्यंत आकडे मोजले आणि मगच डब्याकडे हात नेला.

"घाई करतेयस," नणंद म्हणाली.

तिनं हात मागे घेतला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.