धरायला शेपूट

सोपानतात्यांनी पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये अडकलेली वाटी लाकडी दांड्यानं ठोकून पाहिली. हलेना. चिमटा घातला, तो घसरला. शेवटी ऑपरेटर सोमनाथनं वैतागून आत हातच घातला आणि ट्रॅक्टरच्या दिव्याची ती वाटी ओढून काढली.

"परत हात घातलास तर सासुरवाडीला कळवीन."

"कळवा की तात्या. शिफ्टचे नग काय सासरा काढतोय?"

बारामतीच्या एमआयडीसीतला हा प्रेस पडला की हादऱ्यानं पार जळोची गावात कपाला बशी आपोआप जुळते, असं तात्या सांगत. डाय, म्हणजे प्रेसचे साचे, बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि उजव्या हाताला तीनच बोटं उरली होती. बाकीची दोन, त्यांच्या सांगण्यात, कधी उजनी धरणातल्या माशानं गिळलेली असत, कधी निमगाव केतकीच्या बाजारात डाळिंबवाल्या म्हातारीनं घासाघिशीत पाडून घेतलेली.

डिझाइनची साक्षी वाटी हातात फिरवून बघत होती. पत्रा तिनंच बदलला होता. आधीपेक्षा पातळ आणि कडक.

"पयला पत्रा गरीब होता," तात्या म्हणाले. "वाकवाल तसा वाकायचा. ह्यो कडक गडी. दाब सुटला की अंग फुगवतो आन् डायमधी अडून बसतो."

"मऊ पत्रा आता परत नाही मिळायचा, तात्या."

तात्यांनी खडूनं पत्र्यावर वाटी काढली आणि तिच्या कडेला दीड इंचाची पट्टी.

"मग हितं शेपूट ठिवा. धरायला. हात भायेरच ऱ्हाईल. शेवटी कापून टाकू."

साक्षीनं मोबाईलवर फोटो काढला. चार दिवसांनी ती परत आली.

"साहेब नाही म्हणाले. शेपटापायी एका पत्र्यात चाळीसऐवजी छत्तीसच वाट्या बसतात. चार वाया."

"माझी दोन बोटं आधीच गेल्यात," तात्या म्हणाले, "न्हायतर मीच भरून दिली असती."

साक्षीला हसू आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात वाटी अडकली, सोमनाथचा हात आत गेला आणि प्रेस आपसूक पुन्हा पडला. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला. म्हणून तर तात्यांनी वळून पाहिलं. चार बोटं गेली, अंगठा राहिला.

दोन महिन्यांनी साक्षीनं नवं ड्रॉइंग टेबलावर पसरलं. वाटीच्या कडेला शेपूट होतं. बरोबर दीड इंच.

तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मानलं म्हणा सायबांनी."

"रोबोट येतोय, तात्या." ती कागदाची मुडपलेली कड सरळ करत राहिली. "त्याच्या पकडीला धरायला जागा लागते. पकड डायखाली गेली तर तुटते, असं रोबोटवाल्यांनी लिहून दिलंय."

"महाग असंल पकड."

"हो."

तात्यांनी तीन बोटांत खडू धरला आणि परत खिशात टाकला.

संध्याकाळी गेटवर सोमनाथ डाव्या हातानं गाड्यांचे नंबर लिहीत होता. आता तेच काम त्याला दिलं होतं. तात्यांची सायकल दिसताच तो उठून आडवा आला.

"तात्या, छकुली रोज विचारती, बोटं कुठं गेली म्हणून. पाच वर्षांची पोर, खरं काय सांगू? तुमचा तो उजनीचा मासा द्या की मला."

तात्यांनी सायकल स्टँडला लावली. त्यांनी त्याच्या उजव्या हाताच्या एकट्या अंगठ्याकडं पाहिलं.

"त्यो न्हाय पुरायचा," ते म्हणाले. "त्यानं दोनच गिळली व्हती."