शेवटचे चार शब्द

चष्म्याचं दुकान उघडायच्या आधी दोघं नवरा-बायको आपापल्या मोबाइलवर रोजचा शब्दांचा खेळ खेळत. सोळा शब्द, त्यातून एका जातीचे चार-चार वेचून चार गट लावायचे. ज्याच्या चुका जास्त, त्यानं दुकान झाडायचं. एक खेळताना दुसऱ्यानं बघायचं नाही आणि दोघांनीही चकार शब्द काढायचा नाही, हा बायकोचा नियम. एकदा तिच्या नुसत्या हुंकारावरून त्यानं अख्खा गट ओळखला होता, तेव्हापासून तर ती फारच कडक झाली होती. नवरा तिला फौजदारीणबाई म्हणे.

त्या सकाळी तिच्या दोन चुका झाल्या. मग नवरा खेळायला बसला आणि बघता बघता त्यानं तीन गट लावले, एकही चूक नाही. मान वर करून तो असा काही हसला की तिच्या अंगाचा तिळपापड झाला. झाडू आपल्याच नशिबी, हे तिनं ओळखलं. त्याचं जिंकणं बघायला नको म्हणून ती पाठ फिरवून फ्रेमचं कपाट पुसू लागली.

मागून तो काहीतरी पुटपुटला. ती वळलीही नाही.

"बोलायचं नाही. नियम म्हणजे नियम."

पुन्हा घशातल्या घशात आवाज आला. हा मुद्दाम खिजवतोय, अशी तिची खात्रीच झाली. तिनं सावकाश एकेक फ्रेम पुसली, काड्या मिटल्या, नव्या मालाचा कप्पा उगाच दोनदा आवरला. अडलंय वाटतं स्वारीचं घोडं, असं मनात आलं आणि तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

शेवटी राहवेना, तेव्हा ती त्याच्या खांद्यावरून डोकावली. तीन गट लागलेले होते. खाली उशी, गादी, चादर आणि रजई एवढंच उरलं होतं.

तिला आधी हसू आलं. चारच उरल्यावर अडायचं कशात? तिथे डोकं लागतच नाही, नुसतं बोट टेकवत जायचं. मग हसू थांबलं. तिनं त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. ओठांची एक बाजू खाली ओघळली होती. उजव्या हाताचं बोट मोबाइलच्या काचेवर होतं, पण ते उचलत नव्हतं. डोळे मात्र तिच्याकडेच बघत होते.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की धडधाकट असे शेवटचे कधी पाहिले. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं, वाचा परत येणं त्यावरच आहे, असंही सांगितलं. तिला घड्याळ काही आठवेना.

"तिसरा गट लागला तेव्हा हसले होते," ती म्हणाली. "मग मी पाठ फिरवली."

डॉक्टरांना यातलं ओ की ठो कळलं नाही. किती वेळ, त्यांनी विचारलं. कपाट पुसून होईपर्यंत, ती म्हणाली. कपाट केवढं? तिनं दोन्ही हात पसरून दाखवले, आणि ते पसरलेले हात तिचे तिलाच बघवेनात.

अजून वेळ गेलेली नाही, असं म्हणून डॉक्टरांनी नर्सला इंजेक्शनसाठी पिटाळलं. तेवढ्यात खिशातलं पेन काढून त्यांनी नवऱ्यासमोर धरलं आणि हे काय आहे ते सांगा म्हणाले. त्यानं पेनाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ओठ हलले नाहीत.

"बोला ना हो," ती म्हणाली. "आता बोललं तरी चालतं."