वेगळ्या दारातून आत

मित्रांनो, मी एक जुनी चाकाची खुर्ची. लोक मला व्हीलचेअर म्हणतात. माझ्यात बसायला कुणी हौसेनं येत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मी आजवर पुष्कळ माणसं वाहिली, पण आज सांगणार आहे ती एकीचीच गोष्ट.

एका लहानशा कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा तयार झाला. पुढं दोन छोटी चाकं, मागं दोन मोठी, मध्ये काळ्या रेक्झिनची बैठक. पहिली चार वर्षं मी एका दवाखान्यात काढली. तिथल्या लांबलचक पॅसेजमधून मी माणसांना एक्स-रेला न्यायची आणि परत आणायची. कुणी कण्हत बसायचं, कुणी शिव्या देत. एक बाई तर नुकतं जन्मलेलं बाळ मांडीवर घेऊन हसत बसली होती. वॉर्डातल्या मावशी रोज माझ्या चाकांत अडकलेले केस काढायच्या आणि म्हणायच्या, "ही आहे म्हणून माझी कंबर शाबूत आहे." याहून मोठं कौतुक पुढं माझ्या वाट्याला आलं नाही. नव्या खुर्च्या आल्या तेव्हा मला जिन्याखाली लोटलं, आणि तिथून एका माणसानं आपल्या बहिणीसाठी मला घरी नेलं. घरातली मुलं तिला आत्या म्हणत, म्हणून मीही.

आत्या शाळेत इतिहास शिकवायची. तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली आणि दोनच वर्षांत तिचे पाय गेले. आई वारली तेव्हा भाऊ सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यात, शिकवण्यात, त्याचं लग्न लावून देण्यात हिचं स्वतःचं लग्नाचं वय निघून गेलं. आता ती त्याच्याच घरी मागच्या खोलीत राहत होती. घरात भाऊ, वहिनी, सोळा वर्षांचा थोरला आणि अकरा वर्षांची बिट्टी.

पहिल्याच दिवशी आत्यानं मला ओल्या फडक्यानं पुसलं, बसल्या जागेवरून हात पोचेल तिथवर. मग म्हणाली, "चला, निघाली आपली वरात!"

वरात निघायची ती खोलीतून न्हाणीघरापर्यंत आणि परत. दाराच्या चौकटीला माझा दांडा घासला की वहिनी आतून म्हणायची, "गेला वाटतं पुन्हा रंग." पाहुणे आले की मला घडी करून धुण्याच्या मशीनमागं सरकवायचे, आणि पाहुणे जाईपर्यंत आत्या पलंगावरच.

त्या वर्षी सुट्टीत सगळ्यांनी परदेशी जायचं ठरवलं. विमानानं जायचं, तिथं गाडी घ्यायची आणि बारा दिवस हिंडायचं. बाजार बघायचे, मोठा अम्युझमेंट पार्क बघायचा, आणि शेवटी वाटेवरचं एक पडकं प्राचीन नगर. यादीत आत्याचं नाव नव्हतं. तिला शेजारणीवर सोपवायचं ठरलं होतं. मग एका सकाळी नाश्त्याच्या टेबलाशी मोबाइलमध्ये वाचता वाचता भाऊ ओरडला, "अगं, ऐक! पार्कमध्ये व्हीलचेअरला वेगळं दार आहे. बरोबरच्या चार माणसांनाही रांग नाही!"

"आपण चारच तर आहोत," थोरला म्हणाला.

वहिनीनं हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे वन्संना न्यायचं?"

"दोन-दोन तास उन्हात ताटकळण्यापेक्षा बरं नाही का?"

मी पॅसेजमध्ये होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. आत्या आत होती. भाऊ तिच्या खोलीत गेला आणि लाडानं म्हणाला, "ताई, तूही चल. तुझ्याशिवाय काय मजा?"

आत्याचा चेहरा कसा उजळला! तिनं नवे बूट मागवले. तीस वर्षं ती ज्या नगराचा नकाशा फळ्यावर काढायची, तो तिनं वहीत पुन्हा काढला. इथं वेस, इथं हमामखाना, इथं दगडी पायऱ्यांचं अर्धगोल नाट्यगृह. "वरच्या पायरीवर बसलं तरी खालची कुजबुज ऐकू येते म्हणे," ती बिट्टीला सांगायची. "इतकी वर्षं पोरांना ठोकून सांगितलं, पण मी कुठं ऐकलीय?"

प्रवासात गाडीच्या डिकीत मी आडवी, माझ्यावर बॅगा. पहिल्या मोठ्या बाजारात मला बाहेर काढलं. वर छप्पर, खाली गुळगुळीत फरशी, दोन्ही बाजूंना दिवे, गालिचे, पितळी भांडी आणि साबणाच्या वड्या. आत्या मान वळवून वळवून बघत होती. पहिल्या दुकानातली पिशवी वहिनीनं माझ्या दांड्याला अडकवली, दुसरी आत्याच्या मांडीवर ठेवली. मग दिवा आला, तबक आलं, आणि शेवटी गुंडाळलेला गालिचा तिच्यापुढं आडवा टाकला. तिला समोरचं काही दिसेना.

"ताई, तू तर आमची हातगाडी झालीस!" भाऊ म्हणाला. सगळे हसले. गालिच्यामागून आत्याही हसली. घरातल्या हसण्यात आपला सूर मिसळायची तिला सवय होती.

पार्कला पोचलो त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. आत्यानं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिला बाथरूमला न्यायचं म्हटलं की वहिनीच्या कपाळाला आठी पडे, आणि ती आठी बघण्यापेक्षा तहान बरी, असा तिचा हिशेब. वेगळ्या दारावर एक हसरी मुलगी उभी होती. तिनं वाकून आत्याची चौकशी केली आणि गार पाणी पुढं केलं. आत्यानं मानेनंच नको म्हटलं.

मग सुरू झाली आमची फरफट. नियम असा होता की खुर्चीतलं माणूस प्रत्येक पाळण्याच्या दारापर्यंत हजर पाहिजे. मला दाराशी न्यायचं, चौघांनी आत जायचं, आणि आत्याला तिथंच कठड्याशी सोडायचं. ते किंचाळत वर जात, हसत खाली येत, आणि लगेच थोरला मला पुढच्या दाराकडं पळवत नेई. अशी अकरा दारं झाली. सातव्या दाराशी आत्या म्हणाली, "अरे, जरा सावलीत…" पण तोवर चौघं आत शिरलेसुद्धा होते.

हॉटेलवर आलो तेव्हा तिच्या अंगात ताप होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मान उचलवेना. तिकिटं दोन दिवसांची होती.

"आता पुन्हा रांगेत?" वहिनी म्हणाली.

तेव्हा थोरल्यानं डोकं चालवलं. "बाबा, तुम्ही बसा ना खुर्चीत! पायाला पट्टी गुंडाळू. कोण विचारतंय?"

भाऊ आधी हसला, मग विचारात पडला, मग त्यानं बॅगेतून पट्टी काढली.

"खुर्ची राहू दे रे," आत्या पलंगावरून म्हणाली. "मला लागेल."

"तू तर झोपणारच आहेस, ताई. आम्ही दुपारच्या आत येतो."

वहिनीनं पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. टेबल पलंगापासून चार पावलांवर होतं. मित्रांनो, चार पावलं म्हणजे चालणाऱ्याला काहीच नाही.

त्या दिवशी मी एका धडधाकट माणसाला वाहिलं. दारावरच्या त्याच मुलीनं त्याची विचारपूस केली, त्याला सावलीत नेलं, गार पाणी दिलं. तो गटागटा प्यायला. आतल्या वळणावर कुणी बघत नसलं की तो उठून उभा राही आणि मुलं पोट धरून हसत. मला वाटे, माझं एक चाक तरी आता अडावं. पण मावशींच्या हाताखाली तयार झालेली चाकं ती, बेइमानी त्यांना जमेना.

बिट्टी चार दारांपर्यंत हसली. पाचव्याशी तिनं विचारलं, "आत्यानं पाणी प्यायलं असेल का?"

"असेल गं," भाऊ म्हणाला. "चल, तुझा आवडता पाळणा आला."

दुपार टळली. संध्याकाळी उन्हं कलल्यावर आम्ही परतलो. खोलीचं दार सताड उघडं होतं. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, ओल्या फरशीवर, हॉटेलात साफसफाई करणारी बाई मांडी घालून बसली होती, आणि तिच्या मांडीवर आत्याचं डोकं होतं. आत्याचं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. कपडे ओले होते. पलंगापासून तिथवर ती हातांवर सरपटत आली होती, हे फरशीवर गोळा झालेल्या चटईवरून कळत होतं.

सफाईवाल्या बाईनं भावाकडं पाहिलं, त्याच्या पायाच्या पट्टीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

आत्याच बोलली. "तुमची सहल बिघडवली रे मी."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तेच विचारलं, जे मी विचारलं असतं. चार वर्षं दवाखान्यात काढल्यामुळं डॉक्टर काय विचारतात ते मला कुठल्याही भाषेत कळतं. ही एकटी का उतरली? खुर्ची कुठं होती?

भावानं इंग्रजीत उत्तर दिलं. खुर्ची पलंगाशेजारीच होती, म्हणाला. पण ताई हट्टी, ऐकत नाही, स्वतःच चालायला गेली.

आत्याला ती भाषा बोलता येत नसे, पण कळायची. डॉक्टरीणबाई तिच्याकडं वळल्या आणि थांबल्या. तिनं एकदा नकारार्थी मान हलवली असती तरी पुरलं असतं. तिनं भावाकडं पाहिलं. मला वाटतं, तेव्हा तिला तो सहा वर्षांचा दिसला असावा. ती खिडकीकडं बघत राहिली. बिट्टीनं तोंड उघडलं, तोच वहिनीचा हात तिच्या खांद्यावर घट्ट बसला.

हाताला प्लास्टर घालून आम्ही पुढं निघालो. सहलीचा शेवटचा मुक्काम ते पडकं नगर. दाराशी पहारेकरी होता. त्यानं सांगितलं, पायऱ्यांनी दहा मिनिटं, आणि खुर्चीसाठी मागून खडीची वाट, पाऊण तासाची.

"एवढा वेळ कुठाय?" भाऊ म्हणाला. "आणि काय बघायचंय ताई? पडलेले दगडच सगळे. फोटो आणतो तुला." मला आत्यासकट पार्किंगमध्ये एका भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि तिघं पायऱ्या चढून गेले. बिट्टी मात्र पोटात दुखतंय म्हणून मागं राहिली. ते दिसेनासे झाले तसे तिनं माझे दांडे धरले.

"आत्या, मी नेते तुला."

"अगं, झेपायचं नाही तुला."

"झेपतंय."

पोरीनं जीव खाऊन ढकललं. माझी छोटी चाकं खडीत रुतत होती, मी इंचाइंचानं सरकत होते. वाटेच्या कडेला उंच कठडा होता. खुर्चीतून त्यापलीकडचं दिसत नव्हतं. "काय दिसतंय गं?" आत्या विचारी, आणि बिट्टी टाचा उंचावून सांगे, "खांब आहेत. एक शेळी आहे. लांब एक कमान."

"ती वेस," आत्या म्हणे. "डावीकडं वळलं की हमामखाना." तिचा आवाज वर्गातला झाला होता.

अर्ध्या वाटेवर माझं पुढचं चाक एका फटीत अडकलं, वाकलं आणि तुटलं. मी एका अंगावर कलंडले. बिट्टीनं सगळं अंग टेकवून आत्याला सावरलं. ज्या चाकानं पार्कमध्ये अडायला हवं होतं ते इथं अडलं, याचं दुःख मला आजही आहे.

पोरीच्या हाका ऐकून भाऊ धावत आला. त्यानं बिट्टीच्या कानफटात मारली. मग आत्याला पोत्यासारखी उचलून गाडीत टाकली आणि मला फरफटत पार्किंगपर्यंत आणलं. डिकी उघडली. आत दिवे, तबकं आणि तो गालिचा गच्च भरला होता.

"राहू दे इथंच," वहिनी म्हणाली. "मोडकी तर आहे."

"तिला टाकू नका रे," आत्या खिडकीतून म्हणाली. "चाक बसवून घेता येईल. मग मी फिरायची कशी?"

भावानं डिकी लावली. "ताई, आता कुठं जायचंय तुला?"

गाडी निघून गेली. मागच्या काचेतून बिट्टी दिसत होती. तिचा गाल लाल होता. आत्यानं मागं वळून पाहिलं की नाही, मला दिसलं नाही.

पहारेकऱ्यानं मला आडोशाला घेतलं, कुठल्याशा मोडक्या ढकलगाडीचं चाक मला बसवलं. आता थकलेली, दुखऱ्या गुडघ्यांची माणसं माझ्यात बसतात आणि तो त्यांना पाऊण तासाच्या वाटेनं सावकाश नेतो. आत्याचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. घरी नवी खुर्ची आली, की तो पलंगच तिचं घर झाला, हे मला इथं कोण सांगणार?

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी थकलेलं माणूस असेल. त्याला फिरायला जरूर न्या, पण कुठं जायचंय ते आधी त्याला विचारा. आणि त्याच्या खुर्चीला हात लावण्याआधीही विचारा. ते सामान नव्हे, त्याचे पाय आहेत.