हॅलमसाहेबानं पाहिलेलं गाव

डोरोथी हॅलम शुक्रवारी बेसिंगस्टोकला, मुलाच्या घराजवळच्या केअर होममध्ये जाणार होती, म्हणून गिरिजाताईंनी तिला चहाला बोलावलं. साउथहॅम्प्टनच्या त्या गल्लीत दोघी चाळीस वर्षं शेजारणी. डोरोथी अठ्ठ्याऐंशीची, गिरिजाताई तिच्याहून दहा वर्षांनी लहान.

"एक गोष्ट मनातून जात नाही," नारळाची वडी मोडत डोरोथी म्हणाली. "माझे आजोबा खोटारडे होते का गं?"

"आता या वयात आजोबांची चौकशी?"

"हसू नकोस. आमच्याकडे मूल खोटं बोललं की विचारायचे, 'काय, रिकाम्या गावाला जाऊन आलास वाटतं?' ते गाव आजोबांचं."

आजोबा तरुणपणी कोकणात असिस्टंट कलेक्टर होते. पटकीची साथ आली, तेव्हा वरच्या कलेक्टरनं त्यांना किनाऱ्यावरचं एक गाव तपासायला धाडलं. ओहोटीच्या वाळूवरून घोडा घालत ते एकटेच गेले. येऊन म्हणाले, गावात कुणी नाही. माणूस नाही, गाय नाही, कोंबडंसुद्धा नाही.

"कलेक्टर पुढच्या आठवड्यात स्वतः गेला, तर गाव गजबजलेलं! चुली पेटलेल्या, पोरं मागे धावतायत. साहेब आले होते का, विचारलं तर सगळे शपथेवर नाही म्हणाले. मग काय! हा पठ्ठ्या तंबूत लोळत पडला आणि मनानंच ठोकून दिलं, असा ठपका आला. दोघांचं भांडण मुंबईच्या गव्हर्नरपर्यंत गेलं. आजोबा हरले, घरी आले. मरेपर्यंत एकच म्हणायचे, मी गेलो होतो. घरात मी एकटी विश्वास ठेवायचे. आता वाटतं, तो विश्वास होता की नुसती माया?"

"कुठलं गं गाव?"

"माळसवणे."

गिरिजाताईंनी कप खाली ठेवला. माळसवणे त्यांचं माहेर. इथे कोण ओळखणार म्हणून चाळीस वर्षं त्या सगळ्यांना 'मुंबईजवळची' एवढंच सांगत आल्या होत्या.

"डोरोथी, थंडीचे दिवस होते ना?"

"हो. तुला कसं कळलं?"

गिरिजाताईंना एकदम गवताच्या झोपडीचा वास आला. दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात देवाला कौल लावायचा. देवानं कौल दिला की अख्खं गाव वेशीबाहेर. तान्ही पोरं, म्हाताऱ्या, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी माळावर तीन दिवस, तीन रात्री. गावपळण म्हणतात तिला. आईच्या कुशीतून त्यांनी तिथेच पहिल्यांदा पोटभर चांदणं पाहिलं होतं.

"ते तीन दिवस गाव देवाचं. तुझे आजोबा नेमके तेव्हा गेले गं! आणि आमचे लोकही खरंच बोलले. 'नाय सायबानू, आमी कोणाकच बघूक नाय.' बघणार कसे? पण तेव्हा तुम्ही होता कुठे, हे कलेक्टरनं विचारलंच नसणार."

डोरोथीनं रुमाल डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. गिरिजाताई मात्र तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. आईनं, आजीनं, तिच्याही आजीनं जे पाहिलं नव्हतं, ते या बाईच्या आजोबांनी पाहिलं होतं.

"डोरोथी," त्यांचा आवाज खाली आला, "आत काय होतं?"

"काही नाही. शांतता. घराघरात समुद्र ऐकू येत होता म्हणे." ती घुटमळली. "आणि त्यांनी बूट काढले. हे त्यांनी कलेक्टरला सांगितलं नाही, फक्त मला सांगितलं. म्हणाले, घरधनी आतच आहे आणि मी न विचारता आलोय, असं वाटलं. अनवाणीच परत फिरलो."

 गिरिजाताईंचे हात नकळत जोडले गेले.

"आमच्याकडे म्हणतात, त्या दिवसांत आत गेलेला वेडा होतो."

"छे! त्यांनी चाळीस वर्षं बागेत डेलियाची फुलं लावली," डोरोथी म्हणाली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

शुक्रवारी मुलगा गाडी घेऊन आला.

"आई, सकाळची गोळी घेतलीस?"

"घेतली."

"खरंच? की रिकाम्या गावाला जाऊन आलीस?"

डोरोथीनं फाटकापाशी उभ्या असलेल्या गिरिजाताईंकडे पाहिलं. मग मान ताठ करून गाडीत बसली.

"मी कुठली जाते! माझे आजोबा जाऊन आले," ती म्हणाली. "चल, वाटेत सांगते."